परदेशी कंपनीशी भागीदारी: सही करण्याआधीची तयारी

चाकण-भोसरीकडचा कारखानदार जर्मन किंवा जपानी कंपनीबरोबर संयुक्त कंपनी काढायला निघाला की अभिमानाने सांगतो, ५१ टक्के आपले. तो आकडा जरा बाजूला ठेवा. आधी रोजचे निर्णय कागदावर उतरवा: सुटे भाग कुठून येणार, विक्रीचा भाव कोण ठरवणार, फायनान्सवर कोणाचा माणूस, ड्रॉइंग बदलायला परवानगी कोणाची, ईआरपीचे (कारखान्याचा साठा आणि हिशेब सांभाळणाऱ्या संगणक प्रणालीचे) पासवर्ड कोणाकडे. प्रत्येक निर्णयापुढे नाव लिहा. सगळीकडे समोरच्याचंच नाव येत असेल, तर ५१ टक्क्यांत लाभांश मिळेल, ताबा नाही.

कायदाही तेवढा तुमच्या बाजूचा नाही. मोठ्या निर्णयांसाठी भागधारकांचा विशेष ठराव लागतो; तो मंजूर व्हायला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं लागतात, म्हणजे २६ टक्केवालाही तो अडवू शकतो. त्यावर करारात राखीव विषयांची यादी येते. त्यांना दोघांचीही संमती लागते. वकील ती लांबवत नेतात. माझ्या मते डझनभर विषय पुरे. कर्जाची मर्यादा रुपयांत लिहा, आणि बजेटवर एकमत झालं नाही तर गेल्या वर्षीचं बजेट चालू राहील हे वाक्य विसरू नका.

सगळ्यात जास्त वेळ हिशेबाला द्या. परदेशी भागीदाराला तीन वाटांनी पैसा मिळतो: रॉयल्टी, त्याच्याकडून येणाऱ्या भागांवरचा नफा आणि लाभांश. तुम्हाला बहुधा शेवटचीच वाट. त्यामुळे संयुक्त कंपनी तोट्यात असतानाही तो समाधानी असू शकतो, आणि ‘कंपनी बरी चाललीय’ असं तो म्हणतो तेव्हा खोटंही बोलत नसतो. म्हणून पाच वर्षांचे अंदाज मांडताना दोन्ही घरांचे वेगळे तक्ते करा. रॉयल्टी कशावर धरायची, आयात भाग वजा करून की एकूण विक्रीवर, हे आत्ताच ठरवा. आयात भागांचा भाव तपासायचा हक्क मागा. किती वर्षांत किती भाग इथे बनवायचे, त्याचं वेळापत्रक कराराला जोडा. हे मागताना संकोच वाटतो, पण समोरच्याने स्वतःचा तक्ता केव्हाच केलेला असतो.

बोर्डाची कामं त्या मानाने सोपी. वर्षाला किमान चार बैठका, दोन बैठकांत १२० दिवसांहून जास्त अंतर नको, आणि एक तरी संचालक आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला हवा. गणपूर्तीला (बैठक वैध ठरायला लागणाऱ्या किमान हजेरीला) त्यांचा माणूस आवश्यक ठेवलात, तर तो आलाच नाही तर तहकूब बैठक कशी चालवायची तेही लिहा. शेअर विकण्यावरची बंधनं नुसत्या करारात ठेवू नका, कंपनीच्या नियमावलीत घाला. तिथे नसलेलं बंधन कंपनीला लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलंय.

आता काडीमोड. तो विषय लग्नाच्या बैठकीत काढायचा नसतो असं आपल्याकडे मानतात, इथे काढायचाच. पुणेकरांना कायनेटिक होंडा आठवत असेल: १९८४ मध्ये जुळलेली जोडी १९९८ मध्ये सुटली, आणि पुढच्याच वर्षी होंडाने भारतात स्वतःची दुचाकी कंपनी काढली. तेव्हा वेगळं झाल्यावर ब्रँड, डीलर आणि साचे कोणाचे, किती वर्षं स्पर्धा करायची नाही, हे लिहून घ्या. स्पर्धाबंदी कोर्टात कितपत टिकेल ते वकिलाला आधी विचारा. बाहेर पडतानाचा भाव ठरवतानाही सावध राहा. टाटा आणि जपानी डोकोमो यांच्या करारात टाटांनी ठरल्या भावाने डोकोमोचे शेअर घ्यायचे असं कलम होतं. रिझर्व्ह बँकेने हरकत घेतली, लंडनच्या लवादाचा (कोर्टाबाहेर वाद सोडवणाऱ्या मंडळाचा) निवाडा २०१६ मध्ये डोकोमोच्या बाजूने आला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तो २०१७ मध्ये मान्य केला. तरीही नियम असा की परदेशी गुंतवणूकदाराला ठरावीक परताव्याची हमी देता येत नाही. लवाद कुठे बसणार हेही बघा. सिंगापूरचा खर्च मध्यम कारखान्याला सहज झेपत नाही.

कंपनी सेक्रेटरीला मसुदा येण्याआधीच सोबत घ्या. पैसे आल्यावर ६० दिवसांत शेअरवाटप आणि त्यानंतर ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर (परदेशी भागीदाराला शेअर दिल्याचं कळवणारा फॉर्म), या तारखा त्याच्याच डायरीत असू द्या.