भूकंपात ग्रिड सिलिंग खाली येऊ नये म्हणून लावतानाच काय बघायचं

आमच्या कराड-पाटण पट्ट्यात जमीन हलली की लोक पंख्याकडे बघतात, मी सिलिंगच्या कडेकडे बघतो. फॉल सिलिंग पडायला सुरुवात होते ती बहुतेक वेळा भिंतीलगतच्या टाइलपासून.

११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा मोठा भूकंप झाला तेव्हा असलं सिलिंग इकडे कुठे होतं, आता दवाखाना म्हणा, बँक म्हणा, क्लासेस म्हणा, सगळीकडे २ बाय २ फुटांच्या टाइलचं ग्रिड, म्हणजे तारांवर लटकवलेली धातूच्या पट्ट्यांची जाळी, आणि लावणारा म्हणतो साहेब ह्याला वजन कितीसं असतंय. बरं, करू हिशोब. १० बाय १० मीटरचा हॉल धरा, टाइल आणि ग्रिड मिळून चौरस मीटरला ५ किलो पकडा, म्हणजे ५०० किलोचा झोपाळा तारांवर लटकतोय. वजनाच्या निम्म्याने आडवा धक्का बसला तरी २५० किलोचा जोर, आणि तो अडवायला काय तर भिंतीला ठोकलेल्या एल आकाराच्या पट्टीतले चार रिव्हेट. वरच्या मजल्यावर धक्का अजून वाढतो.

तर पहिलं काम, ग्रिड चारही भिंतींना आवळू नका. हे कारागिराला पटायला सगळ्यात जड जातं, कारण त्याच्या हिशोबाने घट्ट म्हणजे मजबूत. पण समोरासमोरच्या दोन भिंती एकसारख्या हलत नाहीत, मधे अडकलेली मेन टी, म्हणजे ग्रिडची मुख्य लांब पट्टी, एकदा दाबली जाते एकदा ओढली जाते, शेवटी वाकते नाहीतर रिव्हेट निसटतो आणि टी पट्टीवरून घसरली की टाइल सरळ खाली. म्हणून एकमेकीला लागून असलेल्या दोन भिंतींना ग्रिड पक्कं करायचं आणि समोरच्या दोन बाजूंना टीचं टोक भिंतीपासून १९ मिमी मोकळं सोडायचं, नुसतं एल पट्टीवर टेकलेलं. आता गंमत बघा, बाजारात सर्रास मिळते ती एल पट्टी २०-२५ मिमीची. २२ मिमीच्या पट्टीत १९ चा गॅप सोडला तर टी टेकायला उरले ३ मिमी! हलकासा झटका आणि खेळ खल्लास. म्हणून पट्टी ५० मिमीचीच मागवा, दिसायला जाड दिसते म्हणून आर्किटेक्ट कुरकुरेल, कुरकुरू दे. हे माप अमेरिकेच्या एएसटीएम ई५८० ह्या मानकातलं आहे, भूकंपाच्या जास्त धोक्याच्या भागासाठीचं. मध्यम धोक्याच्या भागासाठी त्यातच चारही बाजूंना १० मिमी गॅप आणि साधारण २२ मिमीची पट्टी चालते. आपल्या भूकंपाच्या आयएस १८९३ ह्या मानकाच्या २०१६ च्या नकाशात कोयना परिसर झोन ४ मध्ये, मुंबई-पुणे झोन ३ मध्ये (आकडा मोठा तसा धोका जास्त), त्यावरून तुमच्या इंजिनीअरला विचारून ठरवा. मोकळी सोडलेली टोकं एकमेकांपासून फाकू नयेत म्हणून ती आडव्या पट्टीने जोडायची, आणि भिंतीपासून २०० मिमीच्या आत प्रत्येक टोकाला स्वतःची तार हवी.

तार १२ गेजची, १.२ मीटरवर एक, आणि पीळ ७५ मिमीच्या आत तीन पूर्ण वेढे. एकदा एका साइटवर मी टाइल सरकवून वर डोकं घातलं तर पाच तारा चक्क एसीच्या डक्टला बांधलेल्या, का तर म्हणे तिथे ड्रिल जात नव्हतं. भूकंपात डक्ट आपल्या तालावर हलणार, सिलिंग आपल्या, आणि मधली तार दोघांनाही ओढणार. तार फक्त स्लॅबला, धातूच्या अँकर फास्टनरने. मी प्रत्येक चौथी-पाचवी तार हाताने खेचून बघतो, सैल लागली की वेढे मोजायला लावतो.

हॉल १००० चौरस फुटांच्या वर असेल तर तिरक्या तारा लागतातच. एका जागेवरून चार दिशांना चार तारा, ४५ अंशात, आणि अशी जागा दर ३.६ मीटरवर. तिथेच एक उभा पाइप किंवा स्टड पाहिजे, तो बरेच जण विसरतात. तारेला ओढता येतं, ढकलता येत नाही, सिलिंग वर उसळलं तर त्याला थोपवणार कोण? २५०० चौरस फुटांच्या पुढे तर सिलिंगचेच भाग पाडून मधे जॉइंट द्या.

लाइटचं थोडक्यात, साडेचार किलोच्या वरच्या फिटिंगला समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन जादा तारा स्लॅबपर्यंत, जरा ढिल्याच. २५ किलोच्या वरचं काही असेल तर ते ग्रिडवर टाकूच नका, स्वतंत्र लटकवा. स्प्रिंकलरच्या, म्हणजे आग विझवणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याच्या, भोवती सगळीकडून २५ मिमी मोकळं भोक, नाहीतर टाइलच त्याला धडका देते आणि भूकंप राहिला बाजूला, ऑफिसात पाणीच पाणी.

मंगल कार्यालय, नाट्यगृह असली उंच छतं मात्र ह्या मापांवर करू नका. ११ मार्च २०११ ला टोकियोत कुदान काइकान सभागृहाचं सिलिंग पदवीदान समारंभ चालू असताना कोसळलं, दोघांचा जीव गेला. त्यानंतर जपानने ६ मीटरपेक्षा उंच, २०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि चौरस मीटरला २ किलोच्या वर वजन असलेल्या छतांना वेगळे नियम लावले. २ किलो म्हणजे आपली साधी टाइलसुद्धा त्यात आली. तिथे स्ट्रक्चरल इंजिनीअरचं ड्रॉइंग असल्याशिवाय कामाला हात लावू देऊ नका.

आणि टाइल टाकायच्या आधी वरचे सगळे फोटो काढून घ्या, तारा, पीळ, मोकळ्या बाजूचा गॅप टेप लावून. एकदा टाइल बसली की सगळी सिलिंगं खालून सारखीच दिसतात, म्हणून शेवटचं बिल फोटो बघूनच द्या.