पटलवाहतूक आणि पेशीतली ऊर्जा: संशोधनात या चुका टाळा

लायपोसोममध्ये (लिपिडच्या पटलाची कृत्रिम पोकळ गोळी) ट्रान्सपोर्टर (द्रव्य पटलापलीकडे नेणारं प्रोटीन) बसवला, बाहेरून सबस्ट्रेट (तो वाहून नेतो ते द्रव्य) घातला, मोजणी सुरू केली आणि काही सेकंदांतच आलेख आडवा झाला. या क्षेत्रात नव्याने आलेले बहुतेक विद्यार्थी यावरून एकच निष्कर्ष काढतात: प्रोटीन मेलं. मग शुद्धीकरण पुन्हा पहिल्यापासून, डिटर्जंट बदला, लिपिड बदला. यात महिनेच्या महिने जातात, आणि अनेकदा प्रोटीन मुळात ठणठणीत असतं.

अशा वेळी फ्रीजकडे धावण्याआधी वही उघडावी. लायपोसोमचा व्यास १०० नॅनोमीटर धरा. जैविक पटलाची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) साधारण १ मायक्रोफॅरड प्रति चौरस सेंटिमीटर असते. एवढ्याशा गोळ्याच्या पृष्ठभागावर १०० मिलिव्होल्टचा फरक निर्माण व्हायला किती विद्युतभार लागतो? गणित करून पाहा, उत्तर येतं जेमतेम २०० आयन. आत १०० मिलिमोलर क्षार असेल तर त्याच लायपोसोममध्ये ३० हजारांच्या आसपास पोटॅशियम आयन असतात. म्हणजे २०० आयन आत गेल्याने सांद्रता म्हणावी तशी हलतही नाही, पण व्होल्टेज मात्र भिंतीसारखं समोर उभं राहतं. प्रत्येक फेरीत एक धनभार आत नेणारा ट्रान्सपोर्टर दोन-तीनशे फेऱ्यांत स्वतःच स्वतःची वाट अडवतो.

उपाय सोपा आहे. आत-बाहेर पोटॅशियम ठेवा आणि किंचित व्हॅलिनोमायसिन (पोटॅशियमला पटलातून ये-जा करू देणारं द्रव्य) घाला, म्हणजे साचलेला भार पोटॅशियमवाटे निघून जाईल. त्याने वेग एकदम वाढला तर ट्रान्सपोर्टर जिवंत आहे आणि भार वाहून नेतो आहे, या दोन्ही गोष्टी एकाच फटक्यात कळतात. वेग तसाच राहिला तरच प्रोटीनवर संशय घ्यावा. दोन्हीकडे पोटॅशियम सारखं असेल तर व्होल्टेज शून्यावर बांधलं जातं. आत दहापट जास्त असेल तर २५ अंश सेल्सिअसला आतली बाजू ५९ मिलिव्होल्टने ऋण होते. कोणती स्थिती हवी हे आधी ठरवा, बफर नंतर बनवा.

माझ्या मते या क्षेत्रातल्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. मोजलेलं एक असतं आणि त्याला नाव दुसऱ्याचं दिलं जातं. प्रवाह मोजायचा असतो आणि हाती येतं पटलाला चिकटलेलं द्रव्य. प्रोटॉनची ये-जा मोजायची असते आणि दिसते बफरची ताकद.

पीएचचा सिग्नल म्हणजे प्रोटॉनची संख्या नव्हे

त्याच १०० नॅनोमीटरच्या लायपोसोममध्ये पीएच ७ असताना मुक्त प्रोटॉन किती असतील? सरासरी ०.०३. तीसएक लायपोसोम घेतले तर त्या सगळ्यांत मिळून एखादाच मुक्त प्रोटॉन. मात्र आत १० मिलिमोलर बफर असेल तर बफरचे सुमारे ३ हजार रेणू असतात. पीएच दाखवणाऱ्या रंगद्रव्याची चमक बदलते ती या रेणूंनी किती प्रोटॉन गिळले आणि किती सोडले यावर. आतला बफर अर्धा केला तर ट्रान्सपोर्टर जराही न बदलता उतार जवळपास दुप्पट दिसू शकतो. म्हणून दोन प्रिपरेशनची तुलना करण्यापूर्वी दोन्हींची बफर क्षमता मोजा. माहीत असलेल्या प्रमाणात आम्लाचा छोटा डोस द्या आणि सिग्नल किती सरकतो ते नोंदवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून छापलेले वेग मला कधीच भरवशाचे वाटले नाहीत.

हिशोबातून एखादा प्रवाह निसटला की काय होतं, याचं इतिहासातलं उदाहरण प्रत्येक संशोधकाने अभ्यासावं असं आहे. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये केमिऑस्मोटिक सिद्धांत मांडला: पटलाच्या दोन बाजूंमधल्या प्रोटॉनच्या फरकातून एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) बनतं. पुढे त्यांनी आणि जेनिफर मॉयल यांनी कॉर्नवॉलमधल्या ग्लिन हाउस या प्रयोगशाळेत एक अतिशय देखणा प्रयोग केला. ऑक्सिजन संपलेल्या मायटोकॉन्ड्रियाला ऑक्सिजनचा मोजका डोस द्यायचा आणि बाहेर किती प्रोटॉन आले ते काचेच्या इलेक्ट्रोडने टिपायचं. एनएडीएच (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) देणाऱ्या सबस्ट्रेटसाठी, म्हणजे इथे श्वसनाच्या इंधनासाठी, ऑक्सिजनच्या प्रत्येक अणूमागे ६ प्रोटॉन मिळाले, सक्सिनेट या दुसऱ्या इंधनासाठी ४. इलेक्ट्रोड बरोबर होता, हातही कसलेले होते. तरीही आकडे कमी होते, कारण बाहेर आलेल्या प्रोटॉनपैकी काही फॉस्फेटच्या सोबतीने लगेच आत परतत होते. १९७६ मध्ये ब्रँड, रेनाफार्हे आणि लेनिंजर यांनी एन-इथाइलमॅलिमाइडने फॉस्फेटची ती वाट बंद केली आणि आकडा वर गेला. आज हे आकडे १० आणि ६ धरले जातात. प्रोटॉनच्या मोजणीत फॉस्फेट, कॅल्शियम, एसीटेट, अमोनियम यांच्याकडे आधी बोट दाखवायचं ते यासाठी.

रंग उतरला, पण कुठल्या पटलावरचा?

टीएमआरएमसारख्या धनभारित, चमकणाऱ्या रंगांनी मायटोकॉन्ड्रियाचं पोटेन्शियल (पटलाच्या दोन बाजूंमधलं व्होल्टेज) मोजणं इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यामागचं गणित कोणी पाहत नाही. पेशीच्या बाहेरच्या पटलावर ६० मिलिव्होल्ट असतील तर रंग पेशीद्रवात दहापट साठतो. मायटोकॉन्ड्रियावर १८० असतील तर तिथे आणखी हजारपट. एकूण दहा हजारपट. आता तुमच्या औषधाने फक्त बाहेरचं पटल ६० वरून ३० वर आणलं, मायटोकॉन्ड्रियाला हातही लावला नाही, तरी चमक कालांतराने एक तृतीयांशाच्या आसपास येईल. ‘मायटोकॉन्ड्रिया बिघडले’ असं लिहिलेले कितीतरी निष्कर्ष या एका मुद्द्यावर डळमळतात. बाहेरच्या पटलाचं पोटेन्शियल वेगळ्या प्रोबने पाहा, निदान बाहेरचं पोटॅशियम वाढवून कंट्रोल तरी घ्या.

रंग जास्त झाला तर गोंधळ आणखी वाढतो. दाटीमुळे रेणू एकमेकांची चमक मारतात (क्वेंचिंग), त्यामुळे पोटेन्शियल पडल्यावर चमक कमी होण्याऐवजी वाढते. तुमचा प्रयोग कुठल्या स्थितीत चालला आहे, हे शेवटी एफसीसीपी (पटलातून प्रोटॉन गळू देऊन पोटेन्शियल पाडणारं रसायन) घातल्यावर कळतं: चमक उसळली तर क्वेंचिंग आहे, सरळ उतरली तर नाही. एफसीसीपी न घालता संपवलेला ट्रेस मी अपुरा मानतो. जेसी-१ हा दुसरा रंग तर रंगाच्या प्रमाणाला आणि थांबण्याच्या वेळेला फारच नाजूक आहे. हो-नाही एवढ्या उत्तरासाठी ठीक, त्यापुढे नको.

याहून खोल चूक अर्थ लावण्यात होते. पोटेन्शियल वाढलं म्हणजे मायटोकॉन्ड्रिया तंदुरुस्त, ही समजूत सोडून द्या. ऑलिगोमायसिनने एटीपी सिंथेज बंद केलं की प्रोटॉनची परतीची मुख्य वाट मिटते आणि पोटेन्शियल वाढतं, पण एटीपी बनणं थांबलेलं असतं. उलट ऑलिगोमायसिन दिल्यावर पोटेन्शियल कोसळलं तर सिंथेज उलटं फिरत होतं, एटीपी खर्चून पटल सांभाळत होतं. एकटं पोटेन्शियल म्हणजे आवक आणि जावक यांच्या झगड्यातून उरलेली शिल्लक. ती का बदलली, हे सांगायला सोबत ऑक्सिजनचा वापर मोजावाच लागतो.

ऑक्सिजन इलेक्ट्रोडवरच्या नेहमीच्या तक्रारी

पहिल्या रनमध्ये एडीपीने (ज्यापासून एटीपी बनतं) ऑक्सिजन वापराचा वेग छान वाढला आणि दुसऱ्यात अजिबात नाही? चेंबर बघा. एफसीसीपी आणि ऑलिगोमायसिन प्लास्टिकला आणि स्टॉपरला चिकटून राहतात, पाण्याने निघत नाहीत. इथेनॉलने पुन्हा पुन्हा धुवा. कंट्रोल आणि औषध यांचा क्रम रोज अदलाबदल करा.

एफसीसीपीने अपेक्षित वाढ दिसत नसेल तर डोस जास्त झालेला असू शकतो, कारण एका मर्यादेपुढे तो श्वसनच दाबतो. थोडं थोडं वाढवत जा. माध्यमात अल्ब्युमिन असेल तर ते एफसीसीपी धरून ठेवतं, म्हणून दुसऱ्याच्या पेपरमधला डोस जसाच्या तसा उचलू नका. एडीपीचं द्रावण पोटॅशियम हायड्रॉक्साइडने उदासीन केलं आहे ना, तेही बघा, नाहीतर तुम्ही एडीपीसोबत आम्लही देत आहात. सक्सिनेट वापरताना रोटेनोन (श्वसनसाखळीतलं पहिलं संकुल, म्हणजे कॉम्प्लेक्स १, बंद करणारं द्रव्य) विसरू नका, नाहीतर साचलेलं ऑक्सॅलोएसीटेट सक्सिनेट डिहायड्रोजनेजला रोखतं, आणि इलेक्ट्रॉन कॉम्प्लेक्स १ मधून उलटे वाहू लागतात. एडीपी संपल्यावरही वेग खाली येत नसेल तर कुठेतरी पाणी मुरतंय, म्हणजे बहुधा आयसोलेशनच्या वेळी पटल फाटलं आहे किंवा कॅल्शियम शिरलं आहे. ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन), थंडावा आणि होमोजिनायझरचा हलका हात, याच क्रमाने तपासा.

वाहतुकीच्या प्रयोगात समस्थानिकाचे काउंट वाढले तर ते आत गेले की नुसते चिकटले, हा प्रश्न उरतोच. बाहेरच्या द्रावणाची परासरणता (विरघळलेल्या द्रव्याचं एकूण प्रमाण) वाढवून पुटिका (पटलाच्या बंद पिशव्या) आकसू द्या. आत गेलेलं द्रव्य आकारमानाच्या प्रमाणात घटतं. चिकटलेलं घटत नाही.

पुस्तकातले आकडे तपासून वापरा

एटीपीच्या जलविघटनाची ऊर्जा ३०.५ किलोज्यूल प्रति मोल धरून कार्यक्षमता काढणारे लेख अजून दिसतात. ती प्रमाण स्थितीतली किंमत आहे. जिवंत पेशीत एटीपीचं प्रमाण समतोलापासून फार दूर राखलेलं असतं, त्यामुळे प्रत्यक्ष किंमत ५० ते ६० च्या घरात जाते. तसंच ऑक्सिजनच्या अणूमागे (एनएडीएच आणि सक्सिनेटसाठी अनुक्रमे) ३ आणि २ एटीपी हे जुने पूर्णांक. गायीच्या मायटोकॉन्ड्रियातल्या सिंथेजच्या फिरत्या चक्रात ८ सी-उपघटक आहेत (प्रत्येक एकेक प्रोटॉन नेतो) आणि एका फेरीत ३ एटीपी बनतात, म्हणजे एटीपीमागे २.७ प्रोटॉन. फॉस्फेट आत आणणं आणि एटीपी-एडीपीची अदलाबदल यांसाठी आणखी १. दहाला ३.७ ने भागा: २.७. सहाला भागा: १.६. इतकं स्वच्छ गणित उपलब्ध असताना पाठांतरावर विसंबू नये.

प्रश्न निवडताना

ई. सी. स्लेटर यांनी १९५३ मध्ये श्वसनातून एटीपी बनताना ऊर्जा साठवणारा एक रासायनिक मध्यस्थ असावा असं सुचवलं. उत्तम प्रयोगशाळा वर्षानुवर्षं त्याच्या मागे होत्या. तो सापडला नाही. प्रत्येक अपयशाला ‘मध्यस्थ फार अस्थिर आहे’ हे उत्तर तयार होतं, आणि कल्पना नाकारेल असा प्रयोगच आखला जात नव्हता. याउलट १९६६ मध्ये यागेनडॉर्फ आणि उरिबे यांनी पालकाच्या थायलॅकॉइडना (हरितलवकातल्या पटलाच्या पिशव्या) पीएच ४ मध्ये मुरवून अंधारातच पीएच ८ मध्ये टाकलं आणि एटीपी तयार झालं. १९७४ मध्ये रॅकर आणि स्टोकेनियस यांनी मिठागरातल्या सूक्ष्मजीवाचा प्रकाशावर चालणारा प्रोटॉन पंप आणि गायीच्या हृदयातलं सिंथेज एकाच लायपोसोममध्ये बसवलं. या दोन प्रोटीनमध्ये रासायनिक मध्यस्थ सामायिक असण्याचा संभवच नव्हता. प्रकाश पडला, एटीपी बनलं. पीएचडीचा विषय ठरवताना असा निर्णायक प्रयोग एक तरी समोर दिसतो का, हे मार्गदर्शकांशी मोकळेपणाने बोला.

आणि रचनेच्या मोहात प्रवाह विसरू नका. क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने सुंदर चित्रं मिळतात, पण चित्रात वेग नसतो. वॉकर यांच्या गटाने एफ-१ ची (एटीपी सिंथेजचा एटीपी बनवणारा भाग) रचना १९९४ मध्ये दिली. ते फिरतं हे थेट डोळ्यांना दिसलं १९९७ मध्ये, जेव्हा जपानी गटाने त्यावर ॲक्टिनचा तंतू जोडून तो सूक्ष्मदर्शकाखाली गरगरताना पाहिला. नवी प्रयोगशाळा निवडताना तिथे रचना आणि प्रवाह या दोन्हींवर काम होतं का हे विचारा. होत नसेल तर दुसरं काम कुठल्या गटाबरोबर करता येईल, हे पहिल्याच वर्षी ठरवून ठेवा.