अँग्लो-सॅक्सन राजे आणि मठांची स्थापना: लिहिताना या चुका टाळा

सातव्या शतकातल्या इंग्लंडविषयी लिहिताना ‘राजाने विजय मिळवला आणि मठ स्थापन केले’ असे एक वाक्य बहुतेकांच्या हातून सहज लिहिले जाते. नॉर्थम्ब्रियाचा राजा ऑस्विउ (कारकीर्द ६४२ ते ६७०) याच्याबाबत तर ते हमखास येते, कारण त्याने लढाईपूर्वी नवस बोलला, लढाई जिंकली आणि नवस फेडला, ही हकीकत मुळातच सुटसुटीत आहे. मात्र जमीन कोणी दिली, ती कोणी मागितली, मठ प्रत्यक्षात कोणी उभा केला आणि त्यात प्रार्थना कोणासाठी होत असे, या चार गोष्टी त्या एका वाक्यात दडपल्या जातात. या विषयावरच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

राजा कुठला, आणि नेमका कोणता?

ऑस्विउला ‘इंग्लंडचा राजा’ म्हणू नये. त्या काळी इंग्लंड नावाचे एक राज्य नव्हतेच. नॉर्थम्ब्रिया, मर्सिया, केंट, ईस्ट अँग्लिया, वेसेक्स अशी अनेक राज्ये एकमेकांशी झगडत होती. नॉर्थम्ब्रियाही एकसंध नव्हते. उत्तरेला बर्निशिया आणि दक्षिणेला डेरा अशी त्याची दोन अंगे होती, त्यांची राजघराणी वेगळी होती आणि त्यांचे वैर जुने होते. हे वैर ध्यानात घेतल्याशिवाय ऑस्विउने दिलेल्या दानांचा अर्थच लागत नाही.

नावांचा घोळही येथे फार होतो. ऑसवल्ड हा ऑस्विउचा थोरला भाऊ. त्याने ६३५ साली स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या आयोना बेटावरील मठातून एडन या आयरिश परंपरेतल्या धर्मगुरूला बोलावून लिंडिसफार्न बेट दिले आणि ६४२ मध्ये तो मर्सियाचा राजा पेंडा याच्याशी लढताना मारला गेला. ऑस्विने हा डेराचा राजा आणि ऑस्विउचा प्रतिस्पर्धी. एथेलवल्ड हा ऑसवल्डचा मुलगा, म्हणजे ऑस्विउचा पुतण्या. एज्फ्रिथ हा ऑस्विउचा मुलगा आणि ६७० नंतरचा राजा. लिहिण्यापूर्वी एका कागदावर ही वंशावळ काढून समोर ठेवावी. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

प्रत्येक मठाच्या मुळाशी विजय शोधू नये

ऑस्विउच्या नावाशी जोडलेला गिलिंग येथील मठ विजयातून नव्हे, तर खुनातून जन्माला आला. ६५१ साली ऑस्विउ आणि ऑस्विने यांच्या फौजा समोरासमोर आल्या. आपले सैन्य तोकडे आहे हे ओळखून ऑस्विनेने ते घरी पाठवले आणि टोंढेरे नावाच्या एकाच विश्वासू शिलेदारासह तो हुनवल्ड या सरदाराच्या घरी लपून राहिला. हुनवल्ड आपला मित्र आहे अशी त्याची समजूत होती. पण त्यानेच दगा दिला. ऑस्विउच्या हुकमावरून २० ऑगस्ट रोजी ऑस्विने आणि त्याचा शिलेदार दोघेही मारले गेले. ऑस्विनेवर मनापासून जीव असलेला एडन त्यानंतर बाराव्या दिवशी वारला.

पुढे याच जागी मठ उभा राहिला, तो राणी एअनफ्लेड हिच्या आग्रहामुळे. ती डेराच्या एडविन राजाची मुलगी, म्हणजे मारल्या गेलेल्या ऑस्विनेची नातलग आणि मारवणाऱ्या ऑस्विउची पत्नी. मठाचा प्रमुख म्हणून नेमला गेलेला ट्रमहेरे हाही ऑस्विनेच्याच नात्यातला होता. तेथे दोन्ही राजांच्या आत्म्यांसाठी, मारणाऱ्याच्या आणि मरणाऱ्याच्या, रोज प्रार्थना व्हावी अशी योजना होती. खुनाच्या बदल्यात खून घेण्याची रीत असलेल्या समाजात राणीने आपल्या माहेरच्या माणसांसाठी जमिनीच्या रूपाने भरपाई मिळवली आणि सासरच्या राजाला पापातून सुटण्याची वाट दिली. हे राजकारण आहे आणि श्रद्धाही आहे. यातले एक खरे आणि दुसरे निव्वळ आवरण, असे मानून लिहिणे ही मला सर्वांत घातक चूक वाटते, कारण त्या काळच्या माणसांनी या दोन गोष्टी अशा वेगळ्या काढलेल्या दिसत नाहीत.

नवसाचा आकडा जपून वापरावा

आता त्या प्रसिद्ध नवसाकडे येऊ. पेंडाच्या स्वाऱ्यांनी हैराण झालेल्या ऑस्विउने त्याला मोठी संपत्ती देऊ केली आणि पेंडाने ती नाकारली, असे बीड हा मठवासी इतिहासकार सांगतो. तेव्हा, जो ही भेट घेत नाही त्याला सोडून जो घेईल त्या देवालाच ती देऊ, असे ठरवून राजाने आपली मुलगी आणि मठांसाठी बारा जागा अर्पण करण्याचा नवस केला. १५ नोव्हेंबर ६५५ रोजी विनवेड नदीकाठी लढाई झाली. पावसाने नदी फुगलेली होती आणि तलवारीने मेले त्यापेक्षा पळताना बुडून अधिक मेले. पेंडा मारला गेला. एथेलवल्ड पेंडाच्या बाजूने आला होता, पण ऐन लढाईत बाजूला होऊन निकालाची वाट पाहत राहिला.

येथे ‘ऑस्विउने बारा मठ बांधले’ असे सर्रास लिहिले जाते. बीड सांगतो ते एवढेच, की प्रत्येकी दहा हाइडच्या बारा जागा दिल्या गेल्या; सहा डेरात, सहा बर्निशियात. त्या बारांची यादी तो देत नाही. एखाद्या ओळखीच्या मठाचे नाव त्या यादीत आपल्या मनाने घालू नये. हाइड म्हणजे ठरावीक एकरही नव्हेत. एका कुटुंबाच्या निर्वाहाला पुरेल एवढी जमीन, असे ते माप होते आणि जमिनीच्या कसानुसार प्रत्यक्ष क्षेत्र बदलत असे. हाइड म्हणजे १२० एकर हा हिशेब नंतरच्या काळातला. तो मागे नेऊन गुणाकार केला की आकडा नेमका दिसतो, पण चुकतो.

त्या दानातला खरा महत्त्वाचा भाग मात्र अनेकदा गाळला जातो. या जमिनी लष्करी सेवेच्या ओझ्यातून मोकळ्या केल्या गेल्या, म्हणजे तिथली माणसे राजासाठी शस्त्र धरण्याऐवजी राज्याच्या शांततेसाठी प्रार्थना करतील. नुकत्याच जिंकलेल्या, पण अस्वस्थ असलेल्या राजाने आपल्या योद्ध्यांच्या वाट्याची जमीन अशी कायमची बाजूला काढणे ही लहान गोष्ट नव्हती. दोन्ही प्रांतांना समान सहा-सहा जागा मिळाल्या, यामागे बर्निशिया आणि डेरा यांना एकत्र बांधण्याचा विचार असावा, असे मानायला जागा आहे.

नवसातली मुलगी एल्फ्लेड तेव्हा जेमतेम वर्षाची होती. तिला हार्टलपूलच्या मठात हिल्डाच्या हाती सोपवले गेले. हिल्डा ही एडविनच्या पुतण्याची मुलगी, म्हणजे डेराच्याच घराण्यातली. दोन वर्षांनी, ६५७ मध्ये, हिल्डाने दहा हाइड जमीन मिळवून आज व्हिटबी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी मठ उभारला. तिथे स्त्रिया आणि पुरुष दोन्ही राहत आणि प्रमुखपद स्त्रीकडे असे. ६६४ ची धर्मसभा तिथेच भरली आणि ईस्टरची तारीख रोमच्या रीतीने ठरवावी असा कौल ऑस्विउने तिथेच दिला. हिल्डाच्या हाताखाली शिकलेले पाच जण पुढे बिशप झाले. ६८० मध्ये तिच्या मृत्यूनंतर एअनफ्लेड आणि एल्फ्लेड या मायलेकींनी मठाची धुरा घेतली. अशा मठाची ‘स्थापना ऑस्विउने केली’ असे लिहून थांबणे म्हणजे हिल्डावर अन्याय करणे होय.

संस्थापक कोण, हे दगडालाच विचारावे

या मुद्द्यावर सर्वांत ठोस पुरावा नॉर्थम्ब्रियातल्याच जॅरो मठाच्या संत पॉल चर्चमध्ये आहे. तेथील समर्पणाचा शिलालेख आजही भिंतीत बसवलेला आहे. त्यानुसार चर्चचे समर्पण २३ एप्रिल ६८५ रोजी, राजा एज्फ्रिथच्या पंधराव्या आणि मठाधिपती चेओल्फ्रिथच्या चौथ्या वर्षी झाले. जमीन एज्फ्रिथची होती, चाळीस हाइड. पण शिलालेख संस्थापक म्हणतो तो चेओल्फ्रिथला. राजाचे नाव तिथे येते ते काळ सांगण्यासाठी. या समर्पणानंतर महिना उलटायच्या आत, २० मे रोजी, एज्फ्रिथ उत्तरेकडच्या, आजच्या स्कॉटलंडमधल्या पिक्ट लोकांशी लढताना मारला गेला.

लास्टिंगहॅमच्या बाबतीतही हेच दिसते. जागा ऑस्विउच्या पुतण्याने, तेव्हा डेरात राज्य करणाऱ्या एथेलवल्डने दिली, आपल्यासाठी प्रार्थना व्हावी आणि आपल्याला तिथे पुरता यावे म्हणून. मठ मात्र चेड या बिशपचा. त्याने आधी ती जागा उपवासाने शुद्ध करायचे ठरवले. चाळीस दिवस, रविवार सोडून, संध्याकाळपर्यंत काही न खाता, आणि मग थोडी भाकरी, एक अंडे व पाणी घातलेले जरासे दूध. दहा दिवस उरले असताना राजाचे बोलावणे आले, तेव्हा उरलेला उपवास त्याचा भाऊ किनिबिल याने पूर्ण केला. राजाच्या दानाने जागा मिळे, मठ होत असे तो अशा माणसांमुळे.

सनदा, छायाचित्रे आणि पंथांची नावे

शिलाहार-यादवांच्या ताम्रपटांची सवय असलेला मराठी वाचक दाता, गाव, सीमा आणि तिथी यांची अपेक्षा ठेवतो. नॉर्थम्ब्रियाची या काळातली एकही मूळ सनद उरलेली नाही. इंग्लंडमधली मूळ स्वरूपात टिकलेली सर्वांत जुनी राजसनद ६७९ ची आहे; केंटचा राजा ह्लोथहेरे याने ती मठाधिपती बेर्तवल्ड याला दिली. याउलट पीटरबरो मठाच्या स्थापनेची मर्सियाच्या वुल्फहेरे राजाच्या नावावरची लांबलचक हकीकत आणि सनद बाराव्या शतकात रचून ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ या इतिवृत्तात घुसवलेली आहे. हक्कांची यादी जितकी लांब आणि भाषा जितकी घोटीव, तितका संशय अधिक धरावा.

व्हिटबीच्या कड्यावरचे उंच गॉथिक अवशेष ६५७ चे म्हणून छापले जातात, तेही टाळावे. हिल्डाचा मठ नवव्या शतकात उजाड झाला. आज दिसते ते नॉर्मन विजयानंतर पुन्हा वसवलेल्या मठाचे, प्रामुख्याने तेराव्या शतकातले बांधकाम आहे. सातव्या शतकातली भिंत दाखवायची असेल तर जॅरोचा किंवा मंकवेअरमथचा फोटो घ्यावा.

त्याचप्रमाणे या सगळ्या मठांना सरसकट बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमाने चालणारे, म्हणू नये. वेअरमथ (म्हणजेच मंकवेअरमथ) मठाचा संस्थापक बेनेडिक्ट बिस्कॉप याने आपल्या प्रवासात पाहिलेल्या सतरा मठांमधून निवडून नियम बसवले होते, आणि लास्टिंगहॅममध्ये लिंडिसफार्नची रीत चालत असे.

बीडला वाचताना

आपली बहुतेक माहिती बीडकडून येते, आणि तो सातव्या वर्षापासून वेअरमथ-जॅरोच्या मठात वाढलेला, राजाने दिलेल्या जमिनीवर जगलेला माणूस होता. त्याने इतिहास पूर्ण केला ७३१ मध्ये, म्हणजे विनवेडनंतर पाऊणशे वर्षांनी. तो खोटे लिहितो असे नव्हे. आपल्या काळाला आदर्श दाखवण्यासाठी तो ऑस्विउ-एडनचा काळ निवडून, उजळून मांडतो. त्याचे दुसरे रूप ७३४ मध्ये बिशप एग्बर्टला लिहिलेल्या पत्रात दिसते. तिथे तो तक्रार करतो, की राजाकडून जमीन लिहून घेऊन गृहस्थ लोक नावापुरते मठ काढतात, बायकामुलांसह तिथे राहतात, सेवेतून सुटतात. परिणामी सरदारांच्या मुलांना आणि जुन्या योद्ध्यांना द्यायला जमीनच उरत नाही. ही बिघाडाची सुरुवात तो ७०५ च्या सुमारास वारलेल्या आल्डफ्रिथ या एज्फ्रिथनंतरच्या राजाच्या मृत्यूनंतरची मानतो. म्हणून ऑस्विउच्या बारा जागांचे मूल्यमापन करताना या पत्रातला रोष तीन पिढ्या मागे नेऊन त्याच्यावर लादू नये, आणि ज्या सवलतीने ६५५ मध्ये प्रार्थनेसाठी माणसे मोकळी केली, तीच सवलत पुढे पळवाट झाली, हेही नजरेआड करू नये.