मधमाश्यांच्या पेट्या गणपतीआधी ठरवा, दिवाळीनंतर आणा

भाताची लावणी उरकली आहे, बेणणी चालू आहे आणि या दिवसांत मधमाशी कोणाच्या डोक्यात नसते. ती आठवते जानेवारीत. काकडीचा वेल फुलांनी भरतो, पण फळं वाकडी आणि टोकाला बारीक निघायला लागतात. मग फोनाफोनी सुरू होते, "कुठे एक-दोन पेट्या मिळतील का?" जानेवारीत चांगली वसाहत, म्हणजे राणीसह पेटीत नांदणारं माश्यांचं कुटुंब, सहसा मिळत नाही. ज्याच्याकडे ती असते त्याचा स्वतःचा मधाचा हंगाम तोंडावर असतो, भरलेली पेटी तो हातातून का सोडेल? त्या वेळी मिळते ती कमजोर, म्हातारी राणी असलेली किंवा नुकतीच कुठून तरी काढून बसवलेली वसाहत. म्हणून शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ भागात भातानंतर वेलभाजी करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पेट्या आत्ताच, गौरी-गणपतीच्या आत ठरवून टाका आणि घरी आणा त्या दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्याला.

हा हिशोब फुलापासून मागे मोजत यायचा. डिसेंबरच्या सुरुवातीला टोकलेली काकडी जानेवारीच्या मध्याला चांगली फुलावर येते. सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणारी आपली देशी माशी, तिच्या अंड्यातून कामकरी माशी बाहेर पडायला साधारण 20 दिवस लागतात. पण ती बाहेर आली म्हणजे लगेच शेतात जात नाही. पहिले दोन-तीन आठवडे ती पोळ्यातच राबते. कप्पे साफ करते, अळ्यांना भरवते, मेण काढते, दारावर पहारा देते. म्हणजे आज घातलेल्या अंड्याची माशी फुलावर दिसते जवळजवळ सहा आठवड्यांनी. जानेवारीच्या मध्याला शेतात माश्यांची फौज हवी असेल तर राणीने नोव्हेंबरअखेरीस जोरात अंडी घालायला हवीत. नवी जागा अंगवळणी पडायला वसाहतीला आठ-पंधरा दिवस लागतात, ते धरले की नोव्हेंबरचा मध्य येतो.

आता विकणाऱ्याच्या बाजूने मोजा. पाऊस ओसरताना माळावर तेरडा, सोनकी, कारळा फुलतो, बोरीला बहर येतो आणि वसाहती वाढायला लागतात. मधपाळ दसऱ्याच्या आसपास त्यांची विभागणी करतो, म्हणजे एका वसाहतीच्या दोन करतो, आणि राणी नसलेल्या भागात नवी राणी तयार व्हावी लागते. अंड्यापासून राणी व्हायला साधारण 16 दिवस, तिचं मिलनाचं उड्डाण आणि अंडी सुरू होणं यात आणखी आठ-दहा दिवस, आणि तिची पहिली पिल्लं झाकलेल्या कप्प्यांत दिसेपर्यंत आणखी आठ-दहा दिवस. महिना सहज जातो. किती वसाहती फोडायच्या, सुताराकडून किती पेट्या करून घ्यायच्या, हे त्याला विभागणीआधी ठाऊक असायला हवं. दसऱ्याला तुम्ही विचारायला गेलात तर त्याच्या पेट्या दुसऱ्याच्या नावावर लागलेल्या असतात.

कारवीच्या वर्षी मात्र सावध राहा. कारवी आपल्याकडे सात-आठ वर्षांनी एकदाच सगळीकडे फुलते. येऊरच्या डोंगरावर ती 2016 साली आणि पुन्हा 2024 साली फुलली. जिथे ती बहरते तिथले मधपाळ त्या वर्षी मधाच्या मागे असतात आणि विभागणी पुढे ढकलतात. डोंगराकडच्या माणसाकडून घेणार असाल तर हा प्रश्न आधी विचारून घ्या.

मी स्वतः ही चूक महागात शिकलो. पहिल्या वर्षी प्रशिक्षण मे महिन्यात झालं. उत्साह होता, विकणारा तयार होता, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात चार पेट्या घाटावरून आणल्या. पंधरा दिवसांत झड लागली. आपल्याकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. माशी बाहेर पडू शकत नाही, पडली तरी फुलांतला मकरंद धुऊन गेलेला असतो. मी साखरेचा पाक घालत राहिलो, तोही दुपारी. त्यामुळे एका पेटीच्या माश्या दुसरीवर लुटायला तुटून पडल्या. गौरी बसल्या तेव्हा दोन पेट्या रिकाम्या होत्या, तिसरीत मेणकिड्याची जाळी झाली होती. पावसाळा काढणं हे अनुभवी मधपाळाचं काम आहे. नवख्याने ते पहिल्याच वर्षी अंगावर घेऊ नये. पावसाळा काढून उभी राहिलेली वसाहत विकत घेणं, यातच स्थानिक खरेदीचा खरा फायदा आहे. आपल्या उकाड्यात आणि आपल्या पावसात ती टिकते हे तिने आधीच दाखवलेलं असतं.

पेट्या खरंच हव्यात का?

हे पिकावर ठरतं. भाताला माशी लागत नाही. भेंडीची फळं स्वतःच्याच परागावर धरतात, त्यामुळे मुरबाडकडे फक्त भेंडीच करणाऱ्याने परागीकरणासाठी खर्च करू नये. काकडी, कारलं, कलिंगड, लाल भोपळा यांची गोष्ट वेगळी. नर-मादी फुलं वेगळी, फूल उमलतं सकाळी आणि त्याच दिवशी मिटतं. तेवढ्या वेळात मादी फुलावर माशी आठ-दहा वेळा बसली तर फळ सरळ आणि भरदार होतं. दुधी आणि शिराळी दोडका मात्र संध्याकाळी उमलतात, तिथे काम बहुतेक रात्रीच्या पतंगांचं. दुधीच्या मांडवाजवळ पेटी ठेवून "फरक पडला नाही" म्हणणारे भेटतात, त्याचं कारण हे आहे. घोसाळं सकाळचं, त्याला उपयोग होतो.

हेक्टरी सातेरीच्या 5 वसाहती किंवा मेलिफेराच्या (पेटीत पाळली जाणारी परदेशी माशी) 3, ही नेहमीची शिफारस. म्हणजे एकरी सातेरीच्या दोन पुरेत. वीस गुंठे काकडी असेल आणि मधपालनाची आवड नसेल तर पेटी विकत घेऊच नका, फुलोऱ्यापुरती भाड्याने आणा. त्यासाठीसुद्धा बोलणी आत्ताच करावी लागतात. भाड्याची पेटी शेतात यावी ती पाच-दहा टक्के फुलं उमलल्यावर. त्याआधी आणली तर माश्यांना दुसरीकडचा चारा सापडतो आणि त्या तिकडेच जात राहतात.

जात कोणती, हा प्रश्न ठाणे जिल्ह्यापुरता मला सोपा वाटतो: सातेरी. मेलिफेरा मध जास्त देते हे खरं, पण तिला सतत मोठा फुलोरा लागतो. तिचे मोठे मधपाळ पेट्या ट्रकवर घालून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात फिरतात ते त्यासाठीच. एका जागी बसून आपला पावसाळा काढणं तिला जड जातं. सातेरी दीड-दोन किलोमीटरच्या टापूत चरते, थोडक्या फुलांवर भागवते. तिचा दोष एकच आणि तो मोठा आहे: चारा संपला किंवा छळ झाला तर ती पेटी सोडून जाते. दोन्ही जाती एकाच बांधावर ठेवू नका, लुटालूट होते. पेटी घेताना चौकटीचं, म्हणजे ज्या लाकडी चौकोनात माश्या पोळं बांधतात त्याचं, मापही विचारा. सातेरीच्या पेट्या एकाहून जास्त मापांच्या मिळतात आणि एका मापाची चौकट दुसरीत बसत नाही. सगळ्या एकाच मापाच्या घ्या.

आग्या माशी पेटीत राहत नाही. "आग्याची वसाहत देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

नवी मुंबईच्या वाचकांसाठी थोडं वेगळं. बेलापूर, खारघर, घणसोलीच्या सोसायट्यांतून गच्चीवर पेटी ठेवायची इच्छा बरेच जण बोलून दाखवतात. पीतमोहर, गुलमोहर, शेवगा, नारळ, कडुनिंब, खाडीकाठची तिवरं, असा चारा शहरात आहे. पण खालच्या मजल्यावर डंखाची ॲलर्जी असलेलं एखादं माणूस असेल तर ती जोखीम तुम्ही त्याच्या वतीने घेऊ शकत नाही. सोसायटीची लेखी संमती मिळत नसेल तर बिनडंखाची ट्रायगोना माशी पाहा. मध अगदी थोडा, पण गच्चीवरच्या भाजीला आणि घरातल्या मुलांना ती चांगली. तिचीही मागणी आत्ताच नोंदवावी लागते, कारण तिची विभागणी आणखी सावकाश होते.

कोणाकडून घ्यायच्या?

पहिली पसंती आपल्याच तालुक्यातल्या किंवा शेजारच्या तालुक्यातल्या मधपाळाला. मात्र अगदी शेजारच्या बांधावरून घेऊ नका. दोन किलोमीटरच्या आतून पेटी हलवली तर चरायला गेलेल्या माश्या जुन्या जागीच परततात आणि तुमच्या पेटीत फक्त कोवळ्या माश्या उरतात. तशीच घ्यावी लागली तर पेटी आधी दोन आठवडे दूर कुठे ठेवून मग आपल्याकडे आणा.

राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मधसंचालनालय महाबळेश्वरला आहे. त्यांच्या मध केंद्र योजनेत प्रशिक्षण मिळतं, साहित्यावर 50 टक्के अनुदान असतं आणि उरलेले 50 टक्के आपण घालायचे असतात. जिल्ह्याच्या ग्रामोद्योग कार्यालयात अर्ज करता येतो. पुण्याला 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथेही प्रशिक्षण होतं. दोन्ही चांगले मार्ग आहेत. फक्त अनुदानाच्या पेट्या कधी हातात येतील हे आधी विचारा, आणि त्या एप्रिल-मेमध्ये येणार असतील तर नोव्हेंबरपर्यंत थांबता येईल का ते पाहा.

आमच्याकडचे कातकरी, ठाकर भाऊ झाडाच्या ढोलीतली सातेरी अचूक ओळखतात आणि त्यातले काहीजण ती अलगद पेटीत बसवून देतात. मालकीच्या शेतातली, घराच्या भिंतीतली वसाहत अशी घ्यायला हरकत नाही. मजुरी पूर्ण द्या. पण येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तानसा अभयारण्य आहे, तिथून पोळं काढणं गुन्हा आहे. वसाहत कुठून आणली हे विचारायला लाजू नका. बसवलेली वसाहत महिनाभर पेटीत टिकली, तिने नवीन पोळी बांधली, की मगच पैसे द्या.

ठरवताना एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: किती चौकटी माश्यांनी भरलेल्या, राणी कधीची, पेटी कोणत्या मापाची, आणि आठ दिवसांत राणी नाही असं आढळलं तर काय. थोडी आगाऊ रक्कम द्या, सगळी नको.

घेताना पेटी उघडायला लावा, तीही उन्हाच्या वेळी. बाहेरून ऐकू येणाऱ्या गुणगुणीवर पैसे देऊ नका. निदान पाच-सहा चौकटी दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलेल्या असाव्यात. कप्प्याच्या तळाशी एकेकच अंडं उभं दिसलं म्हणजे राणी आहे आणि कामात आहे. ती प्रत्यक्ष दिसलीच पाहिजे असं नाही. एकेका कप्प्यात दोन-तीन अंडी विस्कटून पडलेली असतील तर राणी गेलेली आहे आणि कामकरीच अंडी घालतायत, ती पेटी सोडा. झाकलेली पिल्लं सलग पट्ट्यात हवीत. मधे मधे भोकं, कप्प्यात टोक वर करून मेलेल्या, चिमटीत उचलल्या तर पाण्याच्या पिशवीसारख्या लोंबणाऱ्या अळ्या दिसल्या, तर तो पिशवी रोगाचा विषाणू आहे. 1990 नंतरच्या काही वर्षांत दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती याने संपवल्या. अशा ठिकाणची एकही पेटी घेऊ नका, निरोगी दिसणारीही नको, आणि तिथून आल्यावर हात-कपडे धुतल्याशिवाय आपल्या पेट्यांना शिवू नका.

पेट्या हलवायच्या त्या अंधार पडल्यावर, सगळ्या माश्या आत आल्या की. दाराला जाळी लावा, पुठ्ठ्याने बंद करू नका, गुदमरून आणि तापून वसाहत तासाभरात मरते. चौकटी हलणार नाहीत अशा घट्ट करा, गाडीत चौकटींची दिशा गाडीच्या लांबीला धरून ठेवा. भिवंडी बायपास किंवा शिळफाट्याच्या कोंडीत दोन-दोन तास अडकायला होतं, म्हणून रात्री दहानंतर निघून उजाडायच्या आत पोचणं उत्तम.

जागा आधीच तयार हवी. दीड-दोन फूट उंच घोडी, चारही पाय पाण्याच्या वाटीत, नाहीतर पहिल्याच रात्री मुंग्या चढतात. दार पूर्वेला, दुपारी सावली, जवळ उथळ पाणी. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा की फवारणी करणार असाल तर आदल्या दिवशी कळवा आणि ती सूर्यास्तानंतर करा. आंबा फुललेला असताना फवारणी टाळायला सांगा. बहुतेक जण ऐकतात, फक्त त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

पेटी उतरवल्यावर अर्धा तास शांत राहू द्या, मग जाळी काढा. दारावर, कामकरी जातील पण राणी अडकेल अशी फट असलेली पट्टी बसवा, म्हणजे वसाहत पळणार नाही. तीन-चार संध्याकाळी पाव वाटी पातळ साखरेचा पाक आत ठेवा. गूळ नको, माश्यांचं पोट बिघडतं. आठवडाभर पेटी उघडू नका. दारातून पिवळे-पांढरे परागाचे गोळे घेऊन माश्या आत जाताना दिसल्या की अर्धी काळजी मिटली. आठव्या दिवशी सकाळी मधली एकच चौकट उचला, ताजी अंडी दिसली तर पट्टी काढून टाका. नाही दिसली तर त्याच दिवशी, तो कागद हातात घेऊन, मधपाळाला फोन करा.