सायकलचं हेल्मेट घेताय? आधी डोकं मोजा, रंग नंतर बघा

रविवारी सकाळी साडेआठला नाशिकात गंगापूर रोडच्या कुठल्याही मिसळवाल्याकडे जा. बाहेर सायकली टेकवलेल्या, आत टेबलांवर हेल्मेटं उलटी ठेवलेली आणि त्यांत हातमोजे, गॉगल, मोबाइल. जरा लोकांच्या कपाळांकडे बघा. कुणाच्या कपाळावर मधोमध लाल वळ उठलेला असतो, म्हणजे हेल्मेट रुततंय. कुणाच्या कपाळावर काहीच खूण नसते, कारण त्याचं हेल्मेट अख्ख्या रस्त्यात मागे टाळूवर बसलेलं होतं. आणि एखाद्याचं तर हँडललाच लटकतंय. विचारलं तर म्हणतो, "घाट लागला की घालतो ना."

डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी २०१५ साली रेस ॲक्रॉस अमेरिका ही अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून आपल्याकडे सायकलवर भरभरून बोलणारे वाढले. गिअर, टायरची हवा, पॅडल, सगळ्यावर मतं आहेत. हेल्मेटचा विषय निघाला की मात्र प्रश्न एकच: "कुठल्या कंपनीचं घेऊ?" मीही तोच विचारला होता आणि तिथेच फसलो.

"थोडं मोठं असलेलं बरं"

माझं पहिलं हेल्मेट मी सेलमध्ये मोबाइलवर मागवलं. साइज एल. मीडियम शिल्लक नव्हतं आणि सूट चाळीस टक्के होती, एवढाच विचार. त्र्यंबक रोडला सातपूर ओलांडल्यावर एका गतिरोधकावर सायकल उडाली आणि हेल्मेट थेट डोळ्यांवर आलं. दोन सेकंद मला फक्त काळं थर्माकोल दिसत होतं. पडलो नाही ते नशीब. त्यानंतर महिनाभर आत रुमाल घडी करून घालत होतो. आता आठवलं की लाज वाटते.

शेवटी आईच्या शिलाई मशीनच्या खणातला टेप काढला. भुवयांच्या वर साधारण एक बोट, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो सगळ्यात फुगीर भाग असतो त्यावरून टेप फिरवायचा. तिरका जाऊ द्यायचा नाही. माझं माप आलं साडेछप्पन्न सेंटिमीटर. खोक्यावर छापलं होतं ५९ ते ६३. हे खोकं चार महिने माळ्यावर पडून होतं, वाचायची तसदी मी घेतली नव्हती.

मागचं गोल बटण फिरवून सगळं घट्ट होतं, असा एक समज आहे. ते बटण शेवटचा थोडा ढिलेपणा काढायला असतं, चुकलेली साइज बरोबर करायला नाही. बटण पार शेवटापर्यंत फिरवावं लागत असेल तर हेल्मेट मोठं आहे, विषय संपला.

मुलांच्या बाबतीत तर ही चूक आपण प्रेमाने करतो. शाळेचा गणवेश घेतो तसं हेल्मेटही "वाढत्या अंगाचं". सदरा सैल असला तर पोरगं फार तर गबाळं दिसतं. सैल हेल्मेट पडताना सरकतं आणि आपटायच्या क्षणी डोक्याचा भलताच भाग उघडा पडतो. आज बसतं तेच घ्या. आणखी एक: सायकलवरून उतरून पोरं झोपाळ्यावर, घसरगुंडीवर, झाडावर चढली तर हेल्मेट काढायला लावा. हेल्मेट कुठे अडकलं तर गळ्याला पट्ट्याचा फास बसू शकतो.

माप जुळलं, तरी डोकं दुखतं

याचं उत्तर आकारात असतं. दोन माणसांचा घेर ५७ असला तरी एकाचं डोकं वरून पाहिलं तर भाकरीसारखं गोल असतं, दुसऱ्याचं अंड्यासारखं लांबट. हेल्मेटच्या साच्यांचंही तेच. घरच्या कुणाला तरी केस ओले करून चापून बसवल्यावर वरून फोटो काढायला सांगा, लगेच कळेल.

लांबट डोक्यावर गोल हेल्मेट घातलं तर कपाळ आणि मागची बाजू दाबली जाते, कानांवर मात्र बोट जाईल एवढी फट राहते. मग माणूस एक साइज मोठं घेतो आणि ते डावीउजवीकडे डुलायला लागतं. गोल डोक्यावर लांबट हेल्मेट असेल तर कानशिलं चेपतात. काही कंपन्या 'एशियन फिट' नावाने जास्त रुंद साचा काढतात, तो अशांना बरा पडतो. पॅड जाड-पातळ करून थोडाफार फरक पडतो, पण आकारच वेगळा असेल तर पॅडशी खेळत बसू नका, दुसरं मॉडेल बघा.

म्हणून दुकानात जाऊनच घ्या, आणि घाई करू नका. पट्टा न लावता हेल्मेट घाला, खाली वाका, 'नाही' म्हणतो तशी मान हलवा. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी आणि भुवया हलल्या पाहिजेत. मग ते घालून दहा मिनिटं दुकानात रेंगाळा, बेल-बाटल्या बघा. दुकानदार कुरकुरला तर म्हणावं, "भाऊ, दोन मिनिटांत बरं वाटतं ते दोन तासांनी दुखतं." रुतणारा बिंदू दहा मिनिटांत हमखास बोलतो.

टाळूवरची टोपी

ही नाशिकची नव्हे, अख्ख्या महाराष्ट्राची चूक. टोपी मागे सरकवून घालायची सवय, तसंच हेल्मेट. कपाळ पूर्ण उघडं. फोटोत चेहरा छान येतो, हे खरं. पण सायकलवरून माणूस बहुतेक वेळा पुढे किंवा कुशीवर पडतो, आणि मग कपाळ थेट डांबरावर.

हेल्मेट आडवं हवं, भुवया आणि कडेच्या मधे दोन बोटं. डोळे वर केले की कड दिसली पाहिजे. बाजूच्या दोन पट्ट्यांची जुळणी कानाच्या पाळीच्या लगेच खाली यावी आणि कान त्या दोन्हींच्या बेचक्यात बसावा. हनुवटीखालचा पट्टा असा की त्यात एक बोट जेमतेम जाईल. आता मोठ्ठी जांभई द्या. हेल्मेट टाळूवर किंचित खाली ओढलं गेलं तर पट्टा बरोबर.

स्कूटरचं हेल्मेट चालेल का?

चालतं, पण तुम्ही नाही चालणार. स्कूटरचं हेल्मेट किलो-सव्वा किलोचं, सायकलचं पाव किलो ते साडेतीनशे ग्रॅमचं. एप्रिलात पांडवलेणीच्या रस्त्याने स्कूटरचं हेल्मेट घालून पॅडल मारून बघा, लेणी येण्याआधी काढून टाकाल. उलट बाजूही लक्षात ठेवा: सायकलचं हेल्मेट घालून स्कूटर चालवू नका. स्कूटरच्या हेल्मेटवर आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक असतो. सायकलच्या हेल्मेटात आतल्या बाजूच्या स्टिकरवर युरोपचं ईएन १०७८ किंवा अमेरिकेचं सीपीएससी या सुरक्षा मानकाची खूण शोधा. स्टिकरच नसेल आणि आत थर्माकोलऐवजी नुसता अंगठ्याने दबणारा स्पंज असेल, तर ते स्केटिंगच्या सेटबरोबर येणारं खेळणं आहे.

थर्माकोलच का, तर ते चिरडतं म्हणून. टीव्हीच्या खोक्यात येतं त्याच जातीचं, फक्त जास्त घट्ट. डोकं आपटतं तेव्हा ते दबत जातं आणि डोक्याला थांबायला मिळणारा वेळ किंचित वाढतो. तेवढ्याने कवटीवरचा झटका खूप कमी होतो. ईएन १०७८ च्या चाचणीत नकली डोक्यावर हेल्मेट चढवून साधारण दीड मीटरवरून सपाट लोखंडावर सोडतात. दीड मीटर म्हणजे सायकलवर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीच्या आसपास. तेवढ्या पडण्यात डोकं ताशी जवळजवळ २० किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर येतं, मग तुमची सायकल उभी का असेना. "मी तर हळूच चालवतो, दूध आणायला" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. मुंबई नाक्याच्या सिग्नलला क्लीट, म्हणजे बूट पॅडलला अडकवणारी खटकी, न सुटल्यामुळे जागच्या जागी आडवे होणारे मी डोळ्यांनी पाहिलेत.

काही हेल्मेटांत आत पिवळा पापुद्रा दिसतो, तो म्हणजे मिप्स. हे तंत्र स्वीडनचं. डोकं तिरकं आपटलं की हेल्मेट किंचित सरकू देऊन मेंदूला बसणारी पीळ कमी करायची, ही कल्पना. परवडत असेल तर घ्या. पण मिप्सवालं सैल हेल्मेट आणि साधं घट्ट बसणारं हेल्मेट यांत निवडायचं झालं तर मी डोळे झाकून दुसरं घेईन. दीड-दोन हजारांत चांगलं मिळतं. त्यापुढचे बरेचसे पैसे वजन आणि हवेशीरपणा यांचे असतात.

"मामा, मी मशरूम दिसते"

भाचीला कॉलेजला सायकलने जायचं होतं. पहिल्या दुकानात आरशात बघून तिने हे वाक्य टाकलं आणि हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. दुकानदार म्हणाला, "ताई, सेफ्टी बघा, दिसण्याचं काय!" मला ते पटलं नाही. आवडत नसलेलं हेल्मेट तिने घरी खिळ्याला टांगलं असतं. दिसणं हाही सुरक्षेचाच भाग आहे.

मशरूम का दिसतं, ते नीट पाहिलं. तिचा चेहरा निमुळता, हेल्मेट गोल आणि कानांजवळ दोन्हीकडे दोन-दोन बोटं बाहेर आलेलं. म्हणजे जे वाईट दिसत होतं तेच नीट बसतही नव्हतं. दुसऱ्या दुकानात लांबट साच्याचं, बाजूंनी चपटं एक घातलं आणि दोन्ही तक्रारी एकदम मिटल्या. छत्रीसारखा पसरलेला काठ नको, एवढं बघितलं तरी निम्मं काम होतं.

तिचा अंबाडा नेमका मागच्या बटणावर येत होता. अंबाड्यावर चढवलेलं हेल्मेट पुढे झुकतं. केस मानेशी, बटणाच्या खाली, सैल वेणीत. स्कार्फ गुंडाळायची तिची सवय मात्र सुटेना. दुपट्ट्याचे तीन वेढे आणि वर हेल्मेट म्हणजे पुन्हा माझ्या रुमालाचीच गोष्ट. पातळ सुती बफ, म्हणजे नळीसारखा शिवलेला रुमाल, एकेरी घातला तर चालतो, पण मग माप घेतानाही तो घालूनच घ्या.

रंगावर मी एकच हट्ट धरला: काळा मॅट नको. डिसेंबरात सकाळी सहाला इथे मिट्ट काळोख असतो, गोदाकाठी धुकंही. पांढरा, पिवळा, पोपटी, काहीही घ्या. तिने फिकट जांभळा घेतला. मागे लाल ब्लिंकर लावायच्या अटीवर मी गप्प बसलो.

रोजच्या कुरबुरी

घाम डोळ्यांत उतरतो ही सगळ्यात मोठी. पुढचा पॅड स्पंजासारखा भरतो आणि मग नेमका चढावर पिळला जातो. सिग्नलला थांबलात की मान खाली घालून तळव्याने हेल्मेटचा पुढचा भाग कपाळावर दाबा, धार रस्त्यावर पडेल. दिसायला किळसवाणं, पण उपयोगी. पॅड आठवड्याला काढून कोमट पाण्यात अंगाच्या साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा.

हेल्मेट पुढे डोळ्यांवर येत असेल तर कानामागच्या पट्ट्या आवळा, मागे जात असेल तर पुढच्या. चष्म्याच्या काड्या मागच्या पट्टीला अडत असतील तर ती पट्टी वर-खाली होते का बघा, बऱ्याच हेल्मेटांत होते. पट्टा आपोआप ढिला होत असेल तर सुटं टोक रबरी कडीत अडकवा. कडी हरवली असेल तर जुन्या ट्यूबचा पातळ काप घ्या.

हेल्मेटवर थिनर, पेट्रोल, ऑइल पेंट लावू नका. थर्माकोल त्याने विरघळतं. मे महिन्यात बंद गाडीच्या काचेजवळही ते ठेवू नका.

पडलात? मग ते हेल्मेट संपलं

गेल्या पावसाळ्यात सोमेश्वरच्या वळणावर चिखलात माझी सायकल घसरली. उजवी बाजू आपटली. मला खरचटलं, हेल्मेटवर वरून चार ओरखडे. घरी आल्यावर आतले पॅड काढले. थर्माकोलवर केसाएवढी रेघ हवेच्या एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत गेलेली. अंगठ्याने दोन्हीकडून हलकं ताणलं तर ती रेघ उघडायची आणि मिटायची. बाहेरून बघणाऱ्याला पत्ताही लागला नसता. चिरडलेलं थर्माकोल परत फुगत नाही, त्यामुळे त्या जागी दुसरा मार झेलायला काही उरत नाही. न पडलेलं हेल्मेटही चार-पाच वर्षांनी नीट तपासा. तयार झाल्याची तारीख आतल्या स्टिकरवर असते.

मी ते हेल्मेट घंटागाडीच्या वेळी कचऱ्याच्या पिशवीवर ठेवून मोकळा झालो. दोन आठवड्यांनी ते मला गल्लीतल्या एका दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर दिसलं. तेच चार ओरखडे, पट्टा गळ्यापर्यंत लोंबतोय, पोरगं खूश. त्याला पॅड काढून ती रेघ दाखवली. "पण वरून चांगलंय की काका," तो म्हणाला. आता टाकायच्या हेल्मेटचे पट्टे मी आधी कात्रीने कापतो. आणि त्या दिवशी त्याच्या डोक्याचं माप घेतलं ते ५२ भरलं. निळं हवं म्हणाला, निळंच आणलं.