सनावळ्या पाठ होत्या, म्हणूनच क्रम चुकत होता

मी कागलची. राजर्षी शाहू महाराज मूळचे आमच्या कागलच्या घाटगे घराण्यातले, जन्म २६ जून १८७४. दत्तकविधान १८८४, राज्यारोहण १८९४, राखीव जागांचा हुकूम १९०२, माणगाव परिषद १९२०, निधन १९२२. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि तरीही स्पर्धा परीक्षेतल्या 'वाक्यांचा योग्य क्रम लावा' या प्रश्नात, तेही इतिहासाच्याच उताऱ्यावर, मी दोन वर्षं मार्क घालवले. तरीही कसलं, त्यामुळेच.

उताऱ्यातली वाक्यं उलटसुलट दिलेली असतात, चार पर्यायांतून बरोबर क्रम निवडायचा. थेट उदाहरण घेऊ. हा उतारा मीच तयार केलाय, पण मला पाडणारे उतारे याच जातीचे होते.

अ) त्यानुसार सरकारी नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागास वर्गांसाठी राखायच्या होत्या.
ब) त्याच्या आठ वर्षं आधी, १८९४ साली, महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा ७१ वरिष्ठ पदांपैकी ६० ब्राह्मणांकडे होती.
क) ती तयार व्हावीत म्हणूनच १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडलं होतं.
ड) २६ जुलै १९०२ रोजी, छत्रपती शाहू महाराज इंग्लंडमध्ये असताना, करवीर (कोल्हापूर) संस्थानात एक हुकूम निघाला.
इ) हे चित्र पालटायला नुसता हुकूम पुरणार नव्हता, शिकलेली माणसं लागणार होती.

काय केलंत? १८९४ दिसलं की ब पहिलं, मग १९०१ चं क, मग १९०२ चं ड. मी पेन्सिलीने सनांभोवती गोल करायचे, चढत्या क्रमाने लावायचे आणि वीस सेकंदांत पुढच्या प्रश्नावर. वर ऐट अशी की इतिहास माझा पक्का आहे! आणि तसा पर्याय हमखास दिलेला असतोच. पेपर काढणाऱ्याला आपली खोड ठाऊक असते.

आता सन झाकून वाचा. खरंच बोट ठेवून झाका. ब सुरू होतं 'त्याच्या आठ वर्षं आधी'ने. कशाच्या आधी? ते अगोदर सांगून झालेलं असलं पाहिजे. शिवाय ब मध्ये नुसतं 'महाराजांनी' आहे, पूर्ण नाव ड मध्ये. म्हणजे ड वर. अ मधलं 'त्यानुसार' हुकुमालाच चिकटतं, मध्ये दुसरं वाक्य घातलं तर लोंबकळतं. ड-अ ही जोडी झाली. त्यानंतर ब. इ मधलं 'हे चित्र' म्हणजे ७१ पैकी ६० चं चित्र, म्हणून ब-इ. क मधली 'ती' म्हणजे शिकलेली माणसं. ड-अ-ब-इ-क.

सन निरुपयोगी नाहीत, पण ते शेवटी, पडताळ्याला. समजा ब तुम्ही क च्या मागे ठेवलं. १९०१ मधून आठ गेले, १८९३ उरले. वाक्यात १८९४ आहे. जुळत नाही, विषय संपला.

आणि क मधलं 'उघडलं होतं' पाहिलंत? 'उघडलं' नाही. हा एवढासा 'होतं' मला कुणी दाखवलाच नव्हता. सांगणारा १९०२ मध्ये उभा राहून मागे बघतोय, त्याची ही खूण. उताऱ्यात 'उघडलं होतं'सारखं, झालेल्या क्रियेला 'होता, होती, होतं' जोडलेलं क्रियापद दिसलं की ती गोष्ट आधी घडलेली असते, पण वाक्य बहुतेक वेळा नंतर येतं. हे मी वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहिलंय.

दुसरा फटका नावांचा. वारणेच्या तहावरच्या उताऱ्यात संभाजी दिसले आणि मी ते वाक्य १६८९ चं समजून सगळ्यात वर टाकलं. तह १७३१ चा! साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी, म्हणजे राजाराम महाराज आणि राजसबाईंचे चिरंजीव, यांच्यातला. कोल्हापुरात राहून ही चूक. घरी सांगितली नाही.

क्लासवाल्यांबद्दल माझं मत फार चांगलं नाही. राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये शिकवलं, 'सर्वनामाने सुरू होणारं वाक्य पहिलं नसतं, एवढं धरून पर्याय खोडा.' बऱ्याचदा चालतं. पण चारही पर्याय ड ने सुरू झाले की हा मंत्र तुम्हाला रस्त्यात सोडून जातो. ज्यांना वेळच नाही त्यांनी वापरावा. ज्यांच्याकडे वर्ष आहे त्यांनी पहिल्या दिवसापासून पर्यायांकडे बघितलं तर वाटोळं करून घेतील, स्पष्ट सांगते.

मला हे उमगलं ते अभ्यासिकेतल्या एका दादामुळे. स्वतः तीनदा नापास झालेला, म्हणून नेमकं कुठे अडतं ते त्याला माहीत. तो म्हणाला, "तू इतिहास सोडवतीस, उतारा वाचतच न्हाईस." रागच आला होता. मग त्याने जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर एकेक वाक्य लिहायला लावलं आणि पट्ट्या कापून टेबलावर सरकवायला सांगितलं. पंख्याने दोनदा उडाल्या. पण हाताने पट्टी उचलून दुसरीखाली ठेवताना 'त्यानुसार' कुठे चिकटतं ते दिसतं, डोक्यात गिरवून दिसत नाही.

घाबरू नका. रोज दोन उतारे, वर्तमानपत्रातल्या इतिहासावरच्या लेखातला एखादा परिच्छेद घेऊन स्वतःच कापलेला, एवढंही पुरतं. माझा निम्मा अभ्यास कागल-कोल्हापूर एसटीत मांडीवर पट्ट्या ठेवून झालाय. पहिले पंधरा दिवस सगळं चुकेल. माझं तीन आठवडे चुकलं. वेळही जास्त लागेल, एका उताऱ्याला चार-पाच मिनिटं, लागू दे. वेग नंतर येतो. मात्र चुकलेला उतारा उत्तर बघून तसाच सोडलात तर मी गमावली तशी दोन वर्षं तुमचीही जातील.

मागच्या पेपरात असे पाच प्रश्न होते. घरी येऊन ताळा केला, चार बरोबर. पाचव्यात १७०७ दिसलं आणि हात आपोआप तिकडे गेला.