जुळवून घेण्याऐवजी आपली जागा कशी शोधावी

माणसांच्या एखाद्या वर्तुळात जीव गुदमरत असला तरी ते सोडण्याची घाई करू नये. तेथे आपण नेमके काय दाबून ठेवतो हे कळल्याखेरीज दुसरीकडे गेले, तर गप्प बसण्याची सवयही आपल्याबरोबर येते आणि नव्या माणसांतही आपण काही महिन्यांत तसेच वागू लागतो. म्हणून सुरुवात एका साध्या वहीपासून करावी. दोन-तीन आठवडे प्रत्येक भेटीनंतर चार ओळी लिहाव्यात: काय बोलायचे होते आणि बोललो नाही, हसू येत नसताना कशावर हसलो, मनात नकार असताना कशाला होकार दिला, आणि त्या वेळी समोर कोण होते. कारणमीमांसा करत बसू नये, नोंद तेवढी करावी. बहुतेकदा असे दिसते की सगळे वर्तुळ नव्हे, तर दोन-तीन माणसे किंवा एखादा ठरावीक विषय आपल्याला आवळत असतो.

या नोंदींतून साधा शिष्टाचार वेगळा काढावा. वेळेवर येणे, दुसऱ्याचे बोलणे पूर्ण होऊ देणे, प्रसंग पाहून आवाज खाली ठेवणे, या गोष्टी पाळल्याने आपले काहीच लपत नाही. (प्रत्येक नियमात जुलूम पाहणाऱ्या माणसाला कोणताही समूह मानवत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.) याउलट आपली आवड, श्रद्धा किंवा अश्रद्धा, योग्य-अयोग्याची समज किंवा प्रकृतीच्या मर्यादा सतत झाकाव्या लागत असतील, तर त्या नोंदी बाजूला काढून ठेवाव्यात. पुढचा सगळा शोध त्यांच्याच आधारे करायचा आहे.

मत दाबले जाण्यामागे नेहमीच भित्रेपणा असतो असे नाही. सॉलोमन ॲश या समाजमानसशास्त्रज्ञाने 1951 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तीला तीन रेषांपैकी कोणती रेषा नमुन्याच्या रेषेइतकी लांब आहे, एवढेच सांगायचे होते. उत्तर डोळ्यांना सहज दिसत होते, परंतु खोलीतील इतर सर्वांना आधीच पढवलेले असल्याने ते काही फेऱ्यांमध्ये एकमुखाने चुकीचे उत्तर देत. अशा फेऱ्यांतील सुमारे एक तृतीयांश उत्तरे बहुमताच्या बाजूने झुकली आणि सुमारे तीन चतुर्थांश सहभागी निदान एकदा तरी चुकीच्या उत्तराला शरण गेले. पुढील प्रयोगांत मात्र खरे उत्तर देणारा केवळ एक सोबती मिळाला, तरी हे झुकणे पुष्कळच कमी झाले. उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहायचे असले, तेव्हाही ते घटले.

यातून दोन उपाय सरळ निघतात. ज्या बैठकीत आपण प्रवाहाबरोबर वाहून जातो, तिला जाण्यापूर्वी आपले मत एका वाक्यात लिहून ठेवावे, म्हणजे नंतर मत खरोखर पटून बदलले की केवळ दडपणाने, हे ताडून पाहता येते. दुसरा उपाय अधिक मोलाचा आहे: संपूर्ण गट आपल्यासारखा असावा अशी अपेक्षा न धरता, ज्याच्यासमोर आपण न सजवता बोलू शकतो असा एक माणूस शोधावा. तो आजच्या वर्तुळातही असू शकतो. कदाचित आपल्यासारखाच तोही गप्प बसलेला असेल.

त्यानंतर एक लहानसा मतभेद मुद्दाम बोलून दाखवावा. विषय किरकोळ असावा, स्वर शांत असावा, आणि समोरच्याला हरवण्याचा हेतू नसावा. त्या क्षणीच्या प्रतिक्रियेला फार महत्त्व देऊ नये, कारण अनपेक्षित बोलण्याने चांगली माणसेही गडबडतात. पुढचे काही दिवस पाहावे: कोणी त्याविषयी अधिक विचारले का, थट्टा सुरू झाली का, नेहमीचे बोलावणे थांबले का. जेथे आपली उपजीविका, निवारा किंवा सुरक्षितता त्याच माणसांच्या हाती आहे, तेथे मात्र हा प्रयोग करू नये. तेथे सांभाळून राहणे हेच शहाणपणाचे असते आणि शोध बाहेर सुरू करावा.

बाहेर शोधताना ‘माझ्यासारखी माणसे कोठे आहेत’ यापेक्षा ‘जे मला करावेसे वाटते ते कोण करत आहे’ हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो, कारण हातात काम असले की स्वतःची ओळख पटवून देण्याचा ताण उरत नाही. अशा ठिकाणांची माहिती जिवलग मित्रांकडून मिळेलच असे नाही. नोकरी कशी मिळाली याचा अभ्यास करणाऱ्या मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 सालच्या लेखात दाखवले की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्या माणसांकडून कळली होती. जवळच्यांना बहुधा आपल्याला ठाऊक असलेलेच ठाऊक असते. तेव्हा जुना सहकारी किंवा दूरचा परिचित यांना आपण काय शोधत आहोत हे मोकळेपणाने सांगावे.

मोठ्या, एकदाच होणाऱ्या मेळाव्यांपेक्षा तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटतील असा लहान गट निवडावा. संवादशास्त्राचे अभ्यासक जेफ्री हॉल यांच्या 2018 सालच्या अभ्यासात परिचिताचा साधा मित्र होण्यास सुमारे 50 तास आणि जिवलग मित्र होण्यास 200 तासांहून अधिक सहवास लागल्याचे आढळले. आठवड्याला दोन तास धरले तरी पहिला टप्पा गाठायला जवळपास सहा महिने जातात, त्यामुळे दोन भेटींनंतर ‘येथेही जमले नाही’ असा निकाल देणे घाईचे आहे. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून न्याहाळावी: गट सोडून गेलेल्या माणसांविषयी तेथे कसे बोलले जाते. गेलेल्यांची सतत निंदा होत असेल, तर उद्या वेगळे मत मांडल्यावर आपल्याविषयी काय बोलले जाईल हे त्यातच कळते.

नवी जागा रुळू लागली की जुन्या वर्तुळाला निरोपाचे भाषण देण्याची गरज नसते. आधी ज्या भेटींनंतर वहीत सर्वाधिक नोंदी होत होत्या त्या कमी कराव्यात, आणि त्या वर्तुळातील ज्या एक-दोघांशी मोकळे बोलता येते त्यांना गटाबाहेर, स्वतंत्रपणे भेटावे.